हार्मनांच्या झडपा

फोनवरची बाई ‘अकरा’ म्हणाली तेव्हा मी द्राक्षं चिरत होते. एका द्राक्षाचे चार तुकडे, तेही उभे. आडवे चिरले तर घशात गोटीसारखे अडकून बसतात असं कुठेतरी वाचलं होतं, आणि लहान मुलांना काय काय होऊ शकतं याबद्दल वाचलेलं मी विसरत नाही. ओरान समोरच्या उंच खुर्चीत बसून चमचा आपटत होता. चौदा महिन्यांचा. वरचे दोन दात, खालचे चार. ‘पाचाच्या आत असायला हवा म्हणून फोन केला,’ बाई म्हणाली. ‘लगेच घाबरून जाऊ नका. उद्या नर्स येऊन घर बघून जाईल.’ मी ‘बरं’ म्हटलं, ‘थँक्यू’ म्हटलं, पुढचं द्राक्ष घेतलं आणि त्याचे आठ तुकडे केले. रक्तातलं शिसं. ही तपासणी मीच मागितली होती. डब्लिनमधल्या जुन्या घरांना अजून शिशाच्या नळ्या असू शकतात असं एक पत्रक दारात पडलं, मी पाणी तपासून घेतलं, पाणी स्वच्छ निघालं, तरी मी डॉक्टरांच्या मागे लागले. डॉक्टर हसले. ‘आता यानंतर कशाची तपासणी, बाई? हवेची?’ कॉन्लेही हसला होता. माझा नवरा कुणाला दुखवायला हसत नाही, तो आपला माया आल्यासारखा हसतो, आणि मला ते जास्त लागतं. आता दोघांपैकी कुणी हसणार नव्हतं, आणि फोन ठेवल्यावर एक क्षण, खरंच एकच क्षण, मला बरं वाटलं. बघा, मी म्हणत होते. मग त्या बरं वाटण्याची इतकी किळस आली की मी हात धुवायला गेले आणि धूतच राहिले. मागे ओरान ‘दा, दा’ करत चमचा आपटत होता. गाल लाल, केस चिकट, हनुवटीवर लाळ. अकरा कुठेच दिसत नव्हता.

नर्स ग्रेलिश पन्नाशीची, मेयोकडची, दारातच बूट काढून मोज्यांवर आत येणारी. ‘काय गं राणी, झोपली होतीस का काल?’ ‘नाही.’ ‘मग आधी चहा टाक. मी बघते फिरून.’ मी चहा टाकला नाही, यादी घेऊन तिच्या मागे मागे फिरले. यादीत भिंतींचे रंग होते, डब्यांसकट. खेळणी होती, कुठल्या देशात बनली त्याच्यासकट. मागच्या अंगणातली माती होती, कॉन्लेच्या सायकलची साखळी होती, मसाल्याच्या बरण्या होत्या. नर्सने यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, ‘सगळं आहे गं यात. फक्त पोरगं झोपतं कुठे ते नाही.’ आणि आम्ही वर गेलो. खाट खिडकीपाशी होती. चारी बाजूंनी कठडा, कठड्याच्या वर चार बोटं रुंदीची पट्टी, आणि त्या पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दातांच्या खुणा. ओळीने, नीट, कणीस खाल्ल्यासारख्या. ओरान सकाळी उठला की रडत नाही. कठड्याला धरून उभा राहतो आणि माझी वाट बघतो. तो वाट बघताना काय करतो, ते त्या पट्टीवर लिहिलेलं होतं. जिथे दात खोल गेले होते तिथे रंगाचे थर दिसत होते: वर पिवळट, खाली करडा, खाली फिकट हिरवा, सगळ्यांत खाली दुधासारखा पांढरा. नर्सने त्यावरून बोट फिरवलं नाही, नुसतं जवळ धरलं. ‘ही कुठून आणलीस?’ ‘माझ्या वडिलांनी केली.’ ‘सुंदर आहे. लाकूड कुठलं?’ ‘हार्मनांच्या झडपांचं. आमच्या गावच्या मोठ्या घराच्या खिडक्यांच्या.’ ‘आणि रंग?’ ‘मूळ आहे,’ मी म्हणाले. ‘सतराशे बासष्टचा.’ माझ्या आवाजात अभिमान होता. तो शब्द बाहेर पडून खोलीत उभा राहिला आणि मग मला ऐकू आला.

मी त्या घरावर प्रबंध लिहिला आहे. म्हणजे त्या घराच्या नसण्यावर, कारण मी जन्मले तेव्हा तिथे खाजऱ्या झुडपांचं रान होतं आणि मधोमध पायऱ्या, कुठेच न जाणाऱ्या. रॉसकॉमनच्या चिखलात पहिल्या हार्मनने ते घर का बांधलं, हे मी कॉलेजात चार वर्षं शिकले: जमीन त्याच्या आजोबांना तलवारीच्या बळावर मिळालेली, आणि अशा जमिनीवर माणसाला काहीतरी अत्यंत शांत, अत्यंत सरळ उभं करावंसं वाटतं. पुढच्या बाजूला पाच खिडक्या, मजले तीन, डावं उजव्यासारखं. एके ठिकाणी आत जिना आल्यामुळे खिडकी बसेना, तर त्यांनी भिंतीवर खोटी खिडकी रंगवली, काचांसकट, पण जोडी मोडू दिली नाही. दिवसा झडपा घडी होऊन भिंतीच्या पोटात जायच्या आणि त्या आहेत हेही कळायचं नाही. डॅडीची आत्या डेलिया तिथे कामाला होती. तिचं काम म्हणजे रोज सकाळी झडपा उघडायच्या, अंधार पडायच्या आत मिटायच्या, लोखंडी अडसर लावायचा. स्वयंपाकघराकडून ती भुयारातून यायची, कारण दिवाणखान्याच्या खिडकीतून हिरवळीवर मोलकरणी चालताना दिसू नयेत अशी घराची रचनाच होती. डेलियाआत्याला त्याचं काही वाटायचं नाही. ‘भुयारात पाऊस लागत नाही,’ ती म्हणायची. पण घराबद्दल बोलताना तिचा आवाज मऊ व्हायचा. ती कधी ‘त्यांचं घर’ म्हणाली नाही, नुसतं ‘घर’ म्हणायची, आणि आमच्या घराला ‘इथे’.

छप्पर असलेल्या घरावर कर बसत होता, म्हणून सत्तावन्न साली शेवटच्या मिस हार्मननी छप्पर उतरवायला सांगितलं आणि त्या इंग्लंडात समुद्रकाठच्या एका खाणावळीत राहायला गेल्या. डॅडी तेव्हा अकरा वर्षांचा. तो सांगतो की छपरावरचं शिसं गालिच्यासारखं गुंडाळून खाली आणलं आणि एकेक गुंडाळी उचलायला चार माणसं लागली. मग लिलाव, आणि लिलावानंतर जे उरलं त्याला गाढवगाड्या. आमच्या पंचक्रोशीत असं घर नाही ज्यात हार्मनांचं काही नाही. दिवाणखान्याच्या काळ्यापांढऱ्या फरशीवर कुणाच्या गायी उभ्या असतात. दारावरची अर्धगोल काच कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, आणि सकाळी कोंबड्यांवर उन्हाचा पंखा पडतो. महोगनीचं एक दार तर परसातल्या संडासाला लागलं होतं, पितळी मुठीसकट. बाहेरचे लोक हे ऐकून हसतात किंवा हळहळतात. आम्हाला दोन्ही कळत नाही. लुटलेलं म्हणावं तर पावती होती, विकत घेतलं म्हणावं तर ते आमचंच होतं अशी गावाची दोनशे वर्षांची समजूत. माझ्या आजोबांनी आणल्या त्या बारा झडपा. त्या कशाला लागतील हे त्यांना माहीत नव्हतं. चांगलं लाकूड पावसात कसं सोडायचं, एवढंच.

मी पोटुशी आहे म्हणून सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी डॅडीने पहिली झडप शेडमधून बाहेर काढली. डॅडीचं आयुष्य कौन्सिलच्या रस्त्यांवर डांबर टाकण्यात गेलं, सुतारकाम तो आई गेल्यावर शिकला, कारण हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. रंग जाळून काढायचा, लाकूड उघडं करायचं, वर तेल द्यायचं, असं त्याचं ठरलेलं. मी त्या आठवड्यात गावी होते. शेडच्या दारात उभी राहून, पोटावर हात ठेवून, मी ओरडले होते, ‘डॅडी! रंगाला हात लावायचा नाही!’ ‘अगं, पोपडे निघतायत.’ ‘निघू देत. ते अडीचशे वर्षांचे पोपडे आहेत.’ ‘पोराला पोपडे कशाला?’ ‘लाकूड काय, कुठेही मिळेल. रंग हाच तर इतिहास आहे.’ हे माझ्या प्राध्यापकांचं वाक्य. त्यांनी ते वर्गात म्हटलं तेव्हा मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली होती. डॅडीने हातातली ज्योत बंद केली. ‘बरं,’ तो म्हणाला. ‘कॉलेजात गेलेली तू.’ त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आज त्याला धरून बसले असते. त्याने एवढ्या हळुवारपणे काम केलं की एकही पोपडा मुद्दाम पडू दिला नाही.

आणि प्रबंधाच्या एक्केचाळिसाव्या पानावर मी लिहिलं आहे: सर्वांत खालचा थर जवसाच्या तेलात खललेल्या पांढऱ्या शिशाचा. मीच त्या रंगाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. मीच मोजले होते नऊ थर. नर्स गेल्यावर मी ते पान काढून बघितलं, आपलं लिहिणं ओळखीचं वाटतं का ते बघावं तसं. मला माहीत होतं. म्हणजे ग्रंथालयातल्या बाईला माहीत होतं, आणि द्राक्षं चिरणाऱ्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. एकाच डोक्यात दोघी राहतात आणि त्यांची गाठ पडत नाही. मी प्लगना झाकणं लावली, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं, जिन्याला वर आणि खाली फाटक बसवलं, आणि रोज संध्याकाळी त्याला आपल्या हाताने त्या खाटेत उभं केलं. त्याने पट्टीला तोंड लावलेलं मी पाहिलं होतं. ‘दात येतायत,’ असं म्हणून त्याचा फोटोही काढला होता. फोटो डॅडीला पाठवला होता.

कॉन्लेने खाट प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या अंगणात नेली. तिला बाहेर उभी करून आत आला, तेव्हा डोळे पुसत होता की घाम, मी विचारलं नाही. नर्सने सांगून ठेवलं होतं: ओल्या फडक्याने फरशी पुसायची, मटण, डाळी, अंडं खायला घालायचं, महिन्याने पुन्हा रक्त. ‘उतरेल बघ. बहुतेकांचा उतरतो.’ ‘आणि नाही उतरला तर?’ ‘तर पुढचं बघू. पण तू आतापासून त्याच्याकडे अशी बघत राहिलीस ना, तर त्यालाच वाटेल आपल्याला काहीतरी झालंय.’ मी तरीही बघत राहिले. त्याला शब्द एकच येत होता. दा. दिव्याला दा, कुत्र्याला दा, बापाला दा. शेजारच्या मुलीला चौदाव्या महिन्यात सहा शब्द येत होते, मी तिच्या आईला सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं होतं. शिसं बोलण्यावर बसतं, लक्षावर बसतं, असं वाचलेलं. ते दिसत नाही, दुखत नाही. नुसतं एखादं मूल जे झालं असतं त्यापेक्षा थोडं कमी होतं, आणि ते कुणाला कधीच कळत नाही, कारण दुसरं मूल, जे झालं असतं, ते शेजारी उभं करून दाखवता येत नाही. मी ते दुसरं मूल सारखं बघत होते.

डॅडीला काय सांगायचं? खाट कशी आहे, असं तो दर रविवारी विचारतो, माणसाची खुशाली विचारावी तशी. रविवारी फोन वाजला आणि माझ्या तोंडून निघालं, ‘डॅडी, खाट आता त्याला लहान पडायला लागली.’

‘लहान? चौदा महिन्यांत? घालतेस तरी काय त्याला, वासराचं खाद्य?’

‘उंच झालाय.’

‘आपल्या बर्नांच्यात अजून कुणी उंच झालेलं नाही. ते कॉन्लेकडचं असणार. बरं, काळजी नको. झडपा उरल्यात. मोठा पलंग करतो, लग्नापर्यंत पुरेल असा.’

‘घाई नाही रे.’

‘घाई कोण करतंय?’

बुधवारी मी फोन केला तर मागे खरखर ऐकू आली. एकसारखी, कागदावर कागद घासल्यासारखी. ‘काय करतोयस?’ ‘कडा घासतोय. घाबरू नकोस, रंगाला धक्का नाही, नुसत्या कडा. पोराच्या हाताला टोचायला नको.’ आणि तो खोकला. कोरडा, छोटा खोकला. माझ्या डोळ्यांसमोर ती शेड आली, एकच खिडकी, उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी पांढरी धूळ, आणि तिच्या मधोमध बहात्तर वर्षांचा माणूस, तोंड उघडं ठेवून काम करणारा. फोनवर सांगितलं असतं तर तो त्यानंतर त्या स्वयंपाकघरात एकटा उरला असता. म्हणून म्हटलं, ‘डॅडी, थांब. मी उद्या येतेय, मला आधी बघायचंय. तोवर हात लावू नकोस.’ ‘का? कॉलेजचं काही आहे का?’ ‘हो,’ मी म्हटलं. ‘मग थांबतो,’ तो म्हणाला, आणि खरखर थांबली. माझ्या शब्दाला एवढं वजन त्याने कधी, का दिलं?

बस रॉसकॉमनच्या चौकात थांबली तेव्हा डॅडी गाडीला टेकून उभा होता, कामावरच्या स्वेटरमध्ये. ओरानने त्याला बघून दोन्ही हात पुढे टाकले, डॅडीने त्याला माझ्या कडेवरून घेतलं, छातीशी धरलं, ओरानने तोंड त्या स्वेटरमध्ये खुपसलं. गडद निळा स्वेटर. बाह्यांवर, खांद्यांवर, लोकरीच्या वळ्यावळ्यांत बारीक पांढरी भुकटी. मी मूल हिसकावून घेतलं. दुसरा शब्द नाही, हिसकावलंच. ओरान रडायला लागला. डॅडीचे हात तसेच पुढे राहिले, मूल धरल्याच्या आकारात.

‘हात धुतलेत गं मी,’ तो म्हणाला.

‘हात नाही. स्वेटर.’

तो स्वेटरकडे बघायला लागला. मग माझ्याकडे. एक ओळखीची बाई जाता जाता ‘लेक आली वाटतं, मॅटी!’ म्हणाली आणि डॅडीने हात हलवून ‘आली, आली’ म्हटलं. मग त्याने भर चौकात स्वेटर डोक्यावरून काढला, उलटा गुंडाळला, डिकीत टाकला आणि शर्टावर गाडीत बसला. ऑक्टोबर होता. मी ओरानला घेऊन मागे बसले. गाडी त्याने सुरू केली नाही. आम्ही दोघं समोरच्या काचेतून चौकाकडे बघत होतो आणि मी सगळं सांगितलं, पत्रकापासून दातांच्या खुणांपर्यंत. समोरासमोर बसून मला ते सांगता आलं नसतं.

‘किती म्हणालीस?’

‘अकरा.’

‘आणि हवा किती?’

‘खरं तर काहीच नको. पाचाच्या आत चालतो.’

‘म्हणजे मी केलं हे.’

‘नाही, डॅडी. तू रंग जाळून काढणार होतास. मी अडवलं.’

‘जाळला असता तर धूर माझ्या नाकात गेला असता फक्त.’

‘हो.’

‘ते बरं झालं असतं,’ तो म्हणाला. एवढ्या साध्या आवाजात म्हणाला, की मला ओरानच्या केसांत तोंड लपवावं लागलं. मग तो म्हणाला, ‘साठ वर्षं झाली हार्मनांना जाऊन. अजून वसुली चालू आहे त्यांची.’

‘त्यांचं काय त्यात? मी प्रबंधात लिहिलं होतं, डॅडी. पान एक्केचाळीस.’

‘काय लिहिलं होतंस?’

‘की रंगात शिसं आहे.’

‘मग?’

‘मग काय? लिहिलं. त्या प्रकरणाला सगळ्यांत चांगले मार्क पडले.’

आरशात मला त्याचे डोळे दिसले. आधी ते नुसते माझ्याकडे बघत होते, मग त्यांच्या कडा आवळल्या, आणि तो हसायला लागला. न राहवून, स्टिअरिंगवर कपाळ टेकून, खोकत हसायला लागला. मीही हसले, रडताना हसू येतं तसं विचित्र. रडायचा थांबलेला ओरान आमच्याकडे आळीपाळीने बघून, काही न समजताच मोठ्याने हसला.

घरी गेल्यावर डॅडीने अंगणातल्या नळावर कमरेपर्यंत धुऊन घेतलं, रविवारचा पांढरा सदरा घातला, आणि मग दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर उभा राहिला, परवानगी मागितल्यासारखा. मी ओरानला दिलं. त्या दुपारी त्याने त्याला खाली ठेवलंच नाही. एका हाताने मटणाचा रस्सा ढवळला, एका हाताने ब्रेड कापला. ‘अगं, तूसुद्धा चाटलंस,’ तो मला म्हणाला. ‘मागच्या खोलीचं दार त्यांचंच होतं. दात येत होते तेव्हा दाराला लटकायचीस. अर्धं दार तुझ्या पोटात आहे, तरी कॉलेजात गेलीस.’ ‘अख्खं खाल्लं नाही म्हणून गेले.’ ‘काय सांगावं, अख्खं खाल्लं असतंस तर प्रोफेसर झाली असतीस.’ मी त्या दाराकडे बघितलं. त्यावर आता तीन थर नवा रंग आहे, आईने दिलेला, गुलाबी, तिला आवडायचा तसला. कॉलेजात असताना मी त्या गुलाबीवरून तिला बोलले होते. मूळ रंग झाकून टाकलास म्हणून. ती म्हणाली होती, ‘असू दे गं. तो जुना रंग चाटायचीस तू.’ तेव्हा मला वाटलं ती रंग खराब होईल म्हणून म्हणतेय.

शेडमध्ये उरलेल्या झडपा आणि अर्धवट पलंग आम्ही ओल्या चादरी घालून झाकले. मी तोंडाला फडकं बांधलं होतं, डॅडीला बांधायला लावलं होतं, आणि तो मधूनमधून ‘हात वर!’ म्हणून मला दरोडेखोरासारखा दरडावत होता. जाळायच्या नाहीत, धूर होईल. पुरायच्या नाहीत, माती खराब होईल. द्यायच्या कुणाला? तेव्हा त्या आमच्याकडेच राहणार. चादर ओढताना मला एका झडपेची आतली बाजू दिसली, घडी पडल्यावर भिंतीत दडायची ती, जिथे डेलियाआत्याचा अंगठा रोज लागून रंग गुळगुळीत झाला होता, आणि माझ्या पोटात जुनं प्रेम उठलं, नको असताना. अजूनही. मला त्या घराचा राग यायला हवा होता. मी वाट बघितली, तो आला नाही. डॅडीने माझ्याकडे बघितलं आणि चादर पुढे ओढून घेतली.

त्याचंही रक्त तपासायला हवं म्हटल्यावर तो तीन आठवडे ऐकेना. ‘बहात्तराव्या वर्षी माझ्या डोक्यावर परिणाम झाला तर ओळखणार कोण?’ सुईला तो भितो, हे त्याने आईच्या आजारातही कुणाला कळू दिलं नव्हतं. शेवटी म्हणाला, ‘ज्या दिवशी त्याला टोचतील त्या दिवशी मला. आधी नाही, नंतर नाही.’ महिन्याने तो बसने डब्लिनला आला, मयताला जायच्या काळ्या सुटात, पिशवीत गावची अंडी. दवाखान्यात नर्स ग्रेलिशने विचारलं, ‘आधी कोण?’ ‘मी,’ डॅडी म्हणाला, आणि ओरानला दिसेल असा खुर्चीत बसून बाही वर केली. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. सुई जाताना त्याने ओरानकडे बघून एवढं मोठं हसू आणलं की ओरान घाबरला. ‘आजोबा,’ नर्स म्हणाली, ‘दात झाका, पोरगं पळून जाईल.’ ओरानची पाळी आली तेव्हा तो रडला, पण दंडाकडे नाही बघितलं. आजोबांच्या दंडावरच्या कापसाकडे बघत रडला.

निकाल शुक्रवारी दुपारी आला. दोन आकडे, मी कागदावर लिहून घेतले, फोन ठेवला, पुन्हा उचलला. कॉन्ले कामावर होता. त्याला आधी करायला हवा होता, पण बोटांनी डॅडीचाच नंबर लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. म्हणजे तो जवळच उभा होता.

‘बोल.’

‘सात.’

‘सात म्हणजे चांगलं ना?’

‘चांगलं. अकरावरून सात. नर्स म्हणाली, असाच उतरत जाईल.’

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बुटांचा, मग नळ सोडल्याचा. नळ पूर्ण सोडलेला होता, सिंकच्या पत्र्यावर पाणी धो धो पडत होतं, आणि ते पडतच राहिलं. एक कप धुवायला एवढं पाणी लागत नाही. ओरान येऊन माझ्या गुडघ्याला धरून उभा राहिला, मी फोन त्याच्या कानाला लावला, आणि तो गंभीर होऊन त्या पाण्याचा आवाज ऐकत राहिला. ‘दा,’ तो म्हणाला. पाणी बंद झालं. बूट परत आले.

‘हं,’ डॅडी म्हणाला. आवाज धुतलेला होता. ‘आणि म्हाताऱ्याचा किती?’

‘एकोणीस. त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाहीस. तुझी पुन्हा तपासणी आहे.’

‘एकोणीस,’ तो म्हणाला, चव घेतल्यासारखा. ‘म्हणजे त्याचे चार गेले ते इकडेच आलेत. उरलेले सातही पाठवून दे गं. मला जड नाहीत.’